चौकटीतील सत्याग्रही

जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात कदंबकाळातील काही वीरगळ मांडून ठेवलेले आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी सहसा वरून खाली जाते. पण वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, कोठे घोड्यावरची तर कोठे गलबतावरची. तिच्या वरच्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा उचलून नेत आहेत. सर्वांत वर तोच वीर हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला. तीन चौकटींत एका माणसाचे मरण आणि त्यानंतरचे सारे सांगून झाले! एकामागून एक चित्रे मांडून घडलेली गोष्ट सांगण्याची ही रीत आपल्या भूमीत इतकी जुनी आहे. पेडण्याची हद्द ओलांडून कुडाळाकडे गेले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे संचासंचाने जपून ठेवतात. त्या संचाला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरावयाचे आणि गाऊन कथा सांगावयाची, असा त्यांचा क्रम. तेव्हा आज मुले ज्याला कॉमिक म्हणतात व आपण चित्रकथा म्हणतो, ती केवळ परदेशातून आलेली करमणूक आहे, असे समजण्याचे कारण नाही.

तथापि वीरगळात एक उणीव आहे. त्यातील वीर स्वतः काही बोलत नाही. दगड त्याच्या मरणानंतर दुसऱ्याने घडविला, आणि त्याने काय पाहिले, कशाला भ्याला, कोणत्या क्षणी परत फिरावेसे वाटले, याचा मागमूस त्यावर नाही. आजच्या भाषणाचा विषय नेमका हा आहे. सामान्य माणसे नागरिकत्वाच्या हक्कासाठी रस्त्यावर येतात, त्यांच्याच तोंडची हकीकत घेऊन चित्रांच्या चौकटींत इतिहास लिहिता येतो काय? आणि येत असेल, तर आपल्या गोमंतकाच्या बाबतीत त्याचा विचार कसा करावा?

प्रथम बाहेरच्या जगातील एक उदाहरण घेऊ. १९५७ साली अमेरिकेत माँटगोमेरी शहरातील बसबहिष्काराची कथा सांगणारे एक लहानसे चित्रपुस्तक निघाले. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी वर्णभेदाच्या नियमाला अहिंसेने कसे सामोरे गेले, हे त्यात साध्या चित्रांनी सांगितले होते. गांधीजींच्या मार्गाचाही त्यात उल्लेख होता. ते पुस्तक वाचणाऱ्या तरुणांत जॉन लुईस हा एक होता. पुढे ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी तो होता आणि पोलिसांच्या लाठीने त्याचे डोके फुटले. तोच लुईस प्रतिनिधिगृहाचा सभासद झाला, आणि उतारवयात त्याने आपली कहाणी सांगितली ती चित्रकथेच्या रूपाने. अँड्र्यू आयडिन यांच्या साहाय्याने लिहिलेले आणि नेट पॉवेल यांनी रेखाटलेले ‘मार्च’ या नावाचे तीन भाग २०१३ ते २०१६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यातील एक योजना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोष्ट सांगणारा वृद्ध आणि गोष्टीतील तरुण हे दोघेही पुस्तकात दिसत राहतात. आठवण आज सांगितली जात आहे, घटना पूर्वीची आहे, हे वाचकाला विसरू दिलेले नाही. इतिहास लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना एवढी सावधगिरी सुचत नाही.

आता आपल्या भाषेच्या प्रदेशात येऊ. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. पण तो कशासाठी होता, हे पुष्कळदा अर्धवटच सांगितले जाते. मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार ठराव केला. कायदा होता, ठराव होता. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून चाललेले हजारो लोक तळ्याशी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कागदावरचा नागरिक आणि तळ्याच्या काठावरचा नागरिक यांतील अंतर त्यांनी पायी चालून तोडले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला तो १९३७ साली. एका ओंजळीला दहा वर्षे!

या इतिहासावर २०११ साली ‘भीमायन’ ही चित्रकथा प्रसिद्ध झाली. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. तिचा आधार आहे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींचा. त्या टिपणाचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. आपल्याच देशात वावरण्यासाठी ज्याला परवान्याची वाट पाहावी लागते, अशा माणसाने दिलेले हे नाव आहे. त्यातील १९०१ सालचा प्रवास वाचून कोणाही शिक्षकाचे मन हलेल. साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेली लहान मुले मसूर स्टेशनावर उतरतात. अंगावर नवे कपडे, जवळ भाड्याचे पैसे, आणि जात सांगताच गाडीवाले मागे सरतात. रात्री नाक्यावर शिदोरी उघडतात, पण पाणी कोणी देत नाही. शेजारी शिदोरी असून मुले उपाशी निजतात.

व्याम दांपत्याने ही हकीकत काढताना काटकोनाच्या चौकटी आखण्याचे नाकारले. आपल्या माणसांना पेटीत कोंडावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका. गोंड घरांच्या भिंतींवर जी नक्षी काढतात, तिच्याच वळणांनी त्यांनी पान विभागले. बोलण्याचे फुगेही दोन प्रकारचे केले. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात, आणि ज्या शब्दांत अस्पृश्यतेचे विष आहे ते विंचवाच्या नांगीच्या आकारात. शब्द वाचण्यापूर्वीच दंश कोठे आहे ते डोळ्यांना कळते. हे मला फार महत्त्वाचे वाटते. लेखी इतिहासात ‘अपमान झाला’ असे एक वाक्य येते आणि पुढच्या वाक्यात विरून जाते. येथे तो अपमान पानावर ठाण मांडून बसतो.

गोमंतकाकडे वळताना नागरिकत्व या शब्दाचा आपल्याकडील इतिहास थोडा उलगडला पाहिजे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि धर्मावरून होणारा कायद्यातील भेद गेला. हिंदूंना सरकारी नोकऱ्या आणि शाळा यांचे दरवाजे उघडले. परंतु हा काळ थोडा. सालाझार यांच्या राजवटीत १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोव्याचे लोक पुन्हा दुय्यम ठरले. सभा भरवावयाची तर परवानगी, छापावयाचे तर आधी तपासणी. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेलाही सरकारी शिक्का लागे. १९५१ साली घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव देण्यात आले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आणि गोमंतकीय हे पोर्तुगीज, असा दावा जगापुढे मांडणे त्यामुळे सोयीचे झाले. म्हणजे येथील लढ्याचा प्रकार मोठा विलक्षण. इतरत्र लोक नागरिकत्व मागत होते. येथे एक नागरिकत्व गळ्यात बांधले होते, आणि त्यातील हक्क तेवढे काढून घेतलेले होते.

१७ फेब्रुवारी १९५४ ची गोष्ट पाहा. एका मेजवानीच्या प्रसंगी गोवा म्हणजे पोर्तुगाल अशा अर्थाचे उद्गार निघाले, आणि शल्यचिकित्सक डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी तेथल्या तेथे आपला निषेध बोलून दाखविला. एवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. त्यांनी पुढे १९८७ साली गोव्याच्या मुक्तीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्याच्या उपशीर्षकातच सांगून टाकले की हा इतिहास सहभागी माणसाच्या दृष्टीतून आहे. हा प्रसंग चित्रकाराने काढावयाचा म्हटले तर किती थोडे हवे! एक लांब मेज, काचेचे पेले, वळलेल्या माना, आणि एकाच शब्दाचा एक फुगा.

१८ जून १९४६ चा मडगावचा प्रसंग याच्या उलट. तो इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याचे चित्र आधीच ठरून गेले आहे. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्यास आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी आले होते. सभाबंदी मोडून ते मडगावच्या मैदानावर उभे राहिले; तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. सर्व चित्रांत हा पिस्तुलाचा क्षण असतो, तो असावाही. पण त्या दिवशी मैदानावर जमलेला समुदाय कोठे आहे? लोहिया आणि मिनेझिस यांना पकडून नेल्यावरही चळवळ थांबली नाही. त्याच महिन्यात वत्सला कीर्तनी या मुलीला पकडले, तेव्हा मडगावच्या स्त्रिया पोलिसचौकीवर चालून गेल्या. पुढे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठविले गेले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांच्याही वाट्याला हद्दपारी आली. पुढाऱ्यांची नावे तरी राहिली. छत्री मिटून सभेत शिरलेला जो कारकून दुसऱ्या दिवशी नोकरीला मुकला असेल, त्याला कोणत्याही स्मारकावर जागा नाही. सहभागी माणसांच्या हकीकतींवर उभी असलेली चित्रकथा अशाच माणसाला पानाच्या मध्यभागी आणू शकते.

आमच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत अशा हकीकतींची वाण नाही. पेडण्याच्या टोकाला, नदीच्या पलीकडे तेरेखोलचा किल्ला आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्स यांच्या तुकडीने तेथे शिरून तिरंगा चढविला. त्या दिवशी गोव्यात शिरलेल्या इतर तुकड्यांचे नेतृत्व अँथनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस यांच्याकडे होते. गोव्यातील ख्रिस्ती प्रजा पोर्तुगालशी एकनिष्ठ आहे, असे लिस्बनहून जगाला सांगितले जात होते, त्याच वेळी ही नावे पुढे आली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मी स्वतः त्याच समाजातील असल्यामुळे ही नावे शाळेच्या पुस्तकात घाईने उरकली जातात, तेव्हा मला चुकल्यासारखे वाटते.

त्यानंतर एक वर्षाने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडू लागले. पेडण्यातील पत्रादेवी येथे गोळीबार झाला. पंजाबचे कर्नैलसिंग तेथे पडले. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन चालताना जखमी झाल्या. त्या दिवशी निरनिराळ्या नाक्यांवर मिळून वीसहून अधिक माणसे मारली गेली. नेमकी संख्या एका पुस्तकात एक तर दुसऱ्यात दुसरी आढळते. असे का व्हावे, हे त्या जागी जाऊन उभे राहिले म्हणजे उमजते. ऑगस्टचा महिना, पुरुषभर वाढलेले गवत, चिखल, पाऊस. गोळी सुटताच माणूस जमिनीला अंग टेकतो. त्याला शेजारच्याचा पाय दिसतो, समोरचा झेंडा दिसतो. पन्नास पावलांवर काय झाले ते दिसत नाही. परत आल्यावर तो जे सांगतो, त्यात त्याने पाहिलेले आणि रात्री छावणीत ऐकलेले मिसळून जाते. त्याला खोटे म्हणता येणार नाही.

येथे चित्रकथेची परीक्षा आहे. लेखक ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द घालून सुटू शकतो. चित्रकाराला ती सवलत नाही. त्याने शिपाई काढला की तो निश्चित दिसतो, त्याच्या मिशीसकट! म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की अशा कामात साक्षीदाराच्या डोळ्यांची उंची सोडू नये. गवतात पडलेल्याने सांगितले तर चित्रही गवतातूनच काढावे. डोंगरावरून पाहिल्यासारखे सर्व रणमैदान दाखवू नये. फुग्यात साक्षीदाराने आठवून सांगितले तेवढेच शब्द यावेत. बाकीचे चौकटीच्या कडेच्या पट्टीत, लेखकाच्या स्वतःच्या जबाबदारीवर. आणि दोन साक्षींत फरक असेल तर दोन्ही चित्रे शेजारी शेजारी छापावीत. वाचक एवढा भोळा नसतो.

भाषेचाही प्रश्न आहे. घरी कोंकणी, घोषणा मराठीत वा हिंदीत, न्यायालयात पोर्तुगीज, आणि बाहेरून आलेल्या सत्याग्रहींची आपापली बोली. हे सारे फुगे एकाच प्रमाण मराठीत भरले तर वाचन सोपे होईल खरे. पण न्यायाधीशासमोर दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत उभ्या असलेल्या पेडणेकराची कोंडी त्यात हरवेल. फुग्यांच्या अक्षरांचे वळण बदलून किंवा न समजलेले बोलणे नुसत्या रेघोट्यांनी दाखवून ही कोंडी पानावर आणता येते.

काही अनुभव असे असतात की तेथे चित्र काढण्यासारखे काही उरत नाही. मोहन रानडे सांगलीकडून गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून आले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. त्यांचा मार्ग सत्याग्रहाचा नव्हता, हे येथे नमूद करतो. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलिसठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. त्यातील कित्येक वर्षे एकान्तकोठडीची. ‘सतीचे वाण’ या पुस्तकात त्यांनी आपली कहाणी लिहिली आहे. एकान्तकोठडीतील एक वर्ष चित्रात कसे दाखवावे? मला वाटते, एकाच आकाराच्या रिकाम्या चौकटी, पानामागून पान, एवढेच करता येईल. दोन चौकटींमधील कोरी जागा वाचकाने मनात भरावयाची, हा चित्रकथेचा मूळ नियमच आहे. येथे चौकटही कोरी.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण टाळता येण्यासारखे नाही. ११ डिसेंबर २०१९ रोजी संसदेत नागरिकत्व सुधारणा विधेयक मंजूर झाले. शेजारच्या तीन देशांतून आलेल्या, मुसलमानांखेरीज सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाचा मार्ग त्याने सुलभ केला. त्या कायद्याविषयी देशात दोन मते होती आणि आहेत. त्याच्या विरोधात दिल्लीच्या शाहीनबाग वस्तीतील स्त्रिया १५ डिसेंबरपासून रस्त्यावर बसल्या. कडाक्याच्या थंडीत आज्या आणि नाती एकाच रजईत, अशी ती बैठक साथीच्या रोगामुळे २४ मार्च २०२० रोजी उठविली जाईपर्यंत चालली. इता मेहरोत्रा या चित्रकर्तीने तेथे जाऊन स्त्रियांशी बोलत बोलत रेखाटने केली आणि २०२१ साली त्यांची चित्रकथा इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तिचे मोल दोन गोष्टींमुळे आहे. एक तर बैठक उठताच भिंतींवर काढलेली चित्रेही रंग फासून पुसली गेली. वहीतील तेवढी राहिली. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. छायाचित्रात चेहरा ओळखू येतो आणि ओळखणारा नेहमीच मित्र असतो असे नाही. चित्रात मात्र माणसाचे बोलणे खरे ठेवून त्याचा चेहरा झाकता येतो. सालाझारच्या पोलिसांनी ज्यांची छायाचित्रे आपल्या दप्तरात लावली होती, त्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसता.

आवाज कसा रेखाटावा, हाही एक प्रश्न आकाशवाणीवरून बोलताना साहजिकच सुचतो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. सहा वर्षे पोर्तुगीज आणि कोंकणीतून ते बोलत राहिले, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी विमानातून ध्वनिवर्धकावर गोवा मुक्त झाल्याचे त्यांनीच सांगितले. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री मिळाली. रानात बसून बोलणारी बाई चित्रकाराला सहज काढता येईल. दार लावून, आवाज बारीक करून ऐकणारी घरे काढावयाची तर त्या घरांतील माणसांना विचारावे लागेल. आणि ती आता फार थोडी उरली आहेत.

मुक्तीनंतर, २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेले गोमंतकीय आणि त्यांचे वंशज भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना दुसरे राष्ट्रीयत्व ठेवावयाचे होते त्यांनी महिन्याभरात तसे लिहून द्यावयाचे होते. पोर्तुगालच्या कायद्याने मात्र जुन्या गोमंतकीयांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा तो हक्क शिल्लक राहिला. आज कित्येक कुटुंबे लिस्बनमध्ये जन्माची नोंद करून पोटासाठी दूरदेशी जातात, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने येथला हक्क सोडतात. आपण पोर्तुगीज नाही, एवढे म्हटल्याबद्दल ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांच्याच गावांतून हे घडत आहे. कोणाला दोष देण्याचा माझा अधिकार नाही. पण या दोन पिढ्यांच्या हकीकती एकाच चित्रकथेत शेजारी शेजारी याव्यात, असे मात्र मला फार वाटते.

आमोणे हे मांडवीकाठचे गाव. वेताळाच्या देवळासाठी आणि खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींसाठी लोक त्याला ओळखतात. येथील मुलांना मी एकदा सांगितले की घरातील वडीलधाऱ्यांना १९६१ च्या डिसेंबरविषयी विचारा आणि ते सांगतील तेवढेच चार चौकटींत काढा. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी त्या वेळी डिचोलीचा पूल सुरुंगाने उडविला होता. एका मुलाने पहिल्याच चौकटीत वात पेटविणारा टोपीवाला सोजीर मोठ्या हौसेने काढून आणला. मी विचारले, “आजीने हा पाहिला होता काय?” तो म्हणाला, “नाही. ती तेव्हा निजली होती.” दुसऱ्या दिवशी त्याने नवे चित्र आणले. काळोखे घर, चटईवर उठून बसलेली लहान मुलगी, आणि खिडकीतून आत आलेला एक प्रचंड ‘धडाम्’. खालच्या चौकटीत मुलीचा बाप अंथरुणावरून डोके वर करून म्हणतो आहे, “खाणीत रात्रीचा सुरुंग कसला लावतात?”